ख्रिस्ती सणांचं वर्ष आणि सोबत एक वही: पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती सण पाळायचे म्हटलं की बहुतेक जण नाताळपासून सुरुवात करतात, आणि बहुधा तिथेच थांबतात. चर्चचं वर्ष मात्र नाताळने सुरू होत नाही. ते त्याच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होतं. आधी वाट पाहायची, मग सण करायचा, असा या वर्षाचा बेत आहे. ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो, तोही याच हिशेबाने. सणाचा दिवस कसाही लक्षात राहतो. वाट पाहण्याचे दिवस लिहून ठेवले नाहीत तर निसटून जातात. म्हणून सण पाळण्याबरोबर मननाची एक वही ठेवायची, आणि ती कशी चालवायची तेही इथे सांगितलं आहे.

आधी तारखा काढा

उदाहरणासाठी २९ नोव्हेंबर २०२६ ला सुरू होणारं वर्ष घेऊ. आगमनकाळाचा पहिला रविवार नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. नाताळ कोणत्या वारी आहे ते पाहून चार रविवार मागे मोजले की झालं.

ठरलेल्या तारखांचे सण सोपे: २५ डिसेंबरला नाताळ, ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण (मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूला भेटले तो), २ फेब्रुवारीला बाळ येशूचं मंदिरातलं समर्पण, २५ मार्चला मरीयेला मिळालेला देवदूताचा संदेश, ६ ऑगस्टला रूपांतर, १ नोव्हेंबरला सर्व संत, २ नोव्हेंबरला मृतांचं स्मरण. कॅथलिक चर्चमध्ये १५ ऑगस्टचं मरीयेचं स्वर्गोन्नयनही मोठं.

घोळ होतो तो ईस्टरच्या गणितात. नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या बाहेर जात नाही. पण कॅलेंडरात पौर्णिमा बघून तारीख काढायला जाल तर कधी ना कधी फसाल, कारण ही पौर्णिमा आकाशातली नव्हे, चर्चच्या कोष्टकातली असते. २०१९ मध्ये आकाशातली पौर्णिमा २१ मार्चला होती. त्या हिशेबाने ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता, तो आला २१ एप्रिलला. तेव्हा छापील तारीख घ्या, स्वतः काढू नका.

२०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. एकदा ही तारीख मिळाली की बाकीचं मागेपुढे मोजायचं. ४६ दिवस मागे राखेचा बुधवार (१० फेब्रुवारी), ७ दिवस मागे झावळ्यांचा रविवार (२१ मार्च), ३९ दिवस पुढे स्वर्गारोहण (६ मे), ४९ दिवस पुढे पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण (१६ मे), आणि ५६ दिवस पुढे त्रैक्याचा रविवार (२३ मे). स्वर्गारोहण चाळिसाव्या दिवशी आणि पेन्टेकॉस्ट पन्नासाव्या दिवशी असं सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून लोक ४० आणि ५० मिळवतात आणि एक दिवस चुकतात. ईस्टरचा रविवार हाच पहिला दिवस धरलेला आहे.

ऑर्थोडॉक्स मंडळीत जाणार असाल तर त्यांचं वेगळं कॅलेंडर मागून घ्या. त्यांतल्या बहुतेकांचा ईस्टर जुन्या ज्युलियन गणिताने ठरतो, २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. काहींचा नाताळही त्याच गणितामुळे ७ जानेवारीला पडतो. दोन्ही कॅलेंडरं मिसळून एक यादी करू नका. उपवास एकाचा आणि सण दुसऱ्याचा, असं होऊन बसतं.

या वर्षात एक खास अडचण आहे. २५ मार्च २०२७ हा पवित्र आठवड्यातला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला, गुरुवार आहे. पवित्र आठवड्यात दुसरा सण बसत नाही, म्हणून कॅथलिक चर्चमध्ये देवदूताच्या संदेशाचा सण ५ एप्रिलला ढकलला जातो. वहीत पेनाने तारखा घालून बसलेल्यांची इथे खाडाखोड होते. सगळ्या तारखा आधी पेन्सिलीने घाला, आणि ज्या चर्चमध्ये जाणार तिथल्या कॅलेंडरशी एकदा ताडून पाहा. प्रकटीकरण आणि स्वर्गारोहण हे दोन सण बऱ्याच ठिकाणी जवळच्या रविवारी सरकवलेले असतात.

वही

दोनशे पानी साधी रेघी वही पुरते. हिशेब असा: ५२ रविवार आणि इतर वारी येणारे बारा-पंधरा सण, म्हणजे ६५ च्या आसपास नोंदी. प्रत्येक नोंदीला समोरासमोरची दोन पानं दिली की सुमारे १३० पानं जातात. उरलेली ७० उपवासकाळातल्या रोजच्या ओळींसाठी. फार सुंदर, जाड कागदाची वही घेऊ नका. चांगल्या वहीत माणूस चांगलंच लिहायला बघतो, आणि मग लिहीतच नाही.

डावं पान आदल्या दिवशी भरायचं. त्यावर तारीख, सणाचं नाव, काळाचा रंग (चर्चमधल्या वस्त्रांचा) आणि शास्त्रपाठाचा संदर्भ, एवढंच. रंगांची रीत पाश्चात्त्य चर्चमध्ये साधारण सारखी आहे: आगमन आणि उपवासकाळाला जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला लाल, आणि साधारण काळाला हिरवा. उजवं पान सणाच्या दिवशी, झोपण्याआधी भरायचं. पाच ते सात ओळी, दहा मिनिटं. त्याहून जास्त लिहावंसं वाटलं तर लिहा, पण दुसऱ्या दिवशीची दहा मिनिटं त्यात वसूल झाली असं समजू नका.

कोणता पाठ वाचायचा ते तीन वर्षांच्या चक्रात ठरलेलं आहे. येशूच्या जीवनाची चार शुभवर्तमानं आहेत, त्यांतली पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचं शुभवर्तमान तिन्ही वर्षांत, मुख्यतः ईस्टरच्या काळात येतं. सन ज्या आकड्याने लिहितो त्याला ३ ने पूर्ण भाग गेला की ते लूकचं वर्ष. मात्र वर्ष आगमनकाळापासून मोजायचं. म्हणून नोव्हेंबर २०२६ पासूनचं वर्ष २०२७ चं, आणि ते मार्कचं.

उजव्या पानावर काय लिहायचं, इथेच बहुतेक वह्या फसतात. नमुन्यासाठी पवित्र गुरुवार घ्या. पाठ आहे योहान १३, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय: येशू शिष्यांचे पाय धुतो. नवखा माणूस लिहितो: ‘आज पाय धुण्याचा प्रसंग वाचला. प्रभूची नम्रता किती थोर! आपणही नम्र व्हायला हवं.’ यात चूक काही नाही. पण हे मनन नव्हे, प्रवचनाचा शेवट आहे. पुढच्या वर्षीही हेच तीन वाक्यांचं प्रवचन लिहिलं जाईल.

तेच पुन्हा, एका तपशिलाला धरून: ‘पेत्र आधी म्हणतो, माझे पाय धुवायचे नाहीत. मग म्हणतो, हात आणि डोकंही धुवा. नको तेव्हाही त्याचीच अट, हवं तेव्हाही त्याचीच. येशूला पकडून देणारा यहूदा तेव्हा अजून तिथेच आहे. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. तो काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. आज मदत नाकारली ती कोणाची? आणि कारण काय सांगितलं?’

दुसऱ्या नोंदीत तीन गोष्टी आहेत: मजकुरातला एक तपशील, त्यातून निघालेली एक शंका, आणि त्या दिवसाला टेकलेला एक प्रश्न. उत्तर नाही. उत्तर लिहायची घाई करू नका, खाली दोन ओळी कोऱ्या सोडा. तपशील सापडत नसेल तर पाठ मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचताना ओळखीची वाक्यं आपण ओलांडून जातो, तोंडाने वाचताना तसं जमत नाही.

आगमनकाळ

चार रविवार, २२ ते २८ दिवस. २०२६ मध्ये २६. घरात आगमनाचं चक्र ठेवायची पद्धत हॅम्बर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये सुरू केली. ते अनाथ मुलांचा आश्रम चालवत. नाताळला किती दिवस उरले हे मुलांना दिसावं म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या, बाकी दिवसांच्या लहान. आता चारच लावतात. तीन जांभळ्या, आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. मधोमध पांढरी पाचवी ठेवलीत तर ती नाताळाच्या रात्री पेटते.

मेणबत्त्या कमी पडणं ही इथली नेहमीची फजिती. पहिली मेणबत्ती २६ संध्याकाळी जळते, दुसरी १९, तिसरी १२, चौथी फक्त ५. रोज १५ मिनिटं म्हटलं तरी पहिलीला साडेसहा तास टिकायचं असतं. विकत घेतलेली मेणबत्ती पुरेल का ते आधी तपासा. वरून एक सेंटिमीटरवर पेनाने खूण करा, पेटवा, आणि ज्योत खुणेपर्यंत यायला किती मिनिटं लागतात ते बघा. त्याला लांबीने गुणलं की उत्तर मिळतं. पुरत नसेल तर रोज न लावता फक्त रविवारी लावा. मध्येच नवी मेणबत्ती बसवू नका. चार वेगवेगळ्या उंचीच्या मेणबत्त्या म्हणजे गेलेले आठवडे, ते दिसायला हवेत. भोवतीची हिरवी पानं आठवड्याभरात वाळून पेट घेण्याजोगी होतात. ती ज्योतीपासून निदान पाच सेंटिमीटर खाली ठेवा आणि दर रविवारी बदला. पंखा बंद, आणि खोलीतून उठताना ज्योत विझवायची.

वाचन सुरू केलं की नवख्याला धक्का बसतो. पहिल्या रविवारी गव्हाणी नाही, देवदूत नाही. मार्क १३ मधला घराचा मालक परगावी गेलाय, तो केव्हा परतेल ठाऊक नाही, आणि दारावरच्या माणसाला जागं राहायला सांगितलंय. मार्कने येशूच्या जन्माची गोष्ट लिहिलेलीच नाही. म्हणून दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो, तिसऱ्या रविवारीही तोच, आणि मरीयेची भेट चौथ्या रविवारी, लूक १ मधून. नाताळची गाणी आणि सजावट १ डिसेंबरलाच सुरू केली की हे पाठ विसंगत वाटायला लागतात. सजावट अर्धीच करा. गव्हाणी मांडा, पण रिकामी.

नाताळ: एक दिवस नव्हे, बारा

सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळीच लागतो. यहुदी रीतीत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, ती मोजणी मोठ्या सणांच्या आदल्या संध्याकाळीत राहिली आहे. रोमन कॅथलिक विधीत नाताळच्या चार वेगळ्या मिस्सा (प्रभुभोजनाच्या उपासना) आहेत आणि प्रत्येकीचा पाठ वेगळा. संध्याकाळी मत्तय १ मधली वंशावळ, रात्री लूक २ मधला जन्म, पहाटे मेंढपाळांचं येणं, आणि दिवसा योहान १. जन्माची गोष्ट ऐकायला सकाळी उशिरा गेलात तर ‘शब्द’ आणि ‘प्रकाश’ ऐकून परत याल. रात्रीच्या उपासनेला जा. योहान १ दुसऱ्या दिवशी घरी वाचा.

२६ डिसेंबरला सगळं उतरवून ठेवणारे या सणाची अर्धी बाजू गमावतात. २६ ला स्तेफन, दगडमारात मेलेला पहिला हुतात्मा. २८ ला हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची बाळं. आनंदाच्या आठवड्यात हे दिवस मुद्दाम आहेत. नाताळ ज्यांच्या घरी सुतकात आला, त्यांच्यासाठी वहीतलं २८ तारखेचं पान २५ पेक्षा जास्त खरं निघतं.

मागी लोकांच्या मूर्ती गव्हाणीपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रोज थोड्या पुढे सरकवा. ६ जानेवारीला त्या पोचतात. मत्तय २ वाचताना दोन गोष्टी तपासा: ते तीन होते असं लिहिलेलं नाही, नजराणे तीन आहेत, आणि ते गोठ्यात नाही, घरात येतात.

२ फेब्रुवारीचा सण बहुतेकांच्या यादीत नसतो. लूक २:२२–४० वाचा. मरीया-योसेफ अर्पणाला पाखरांची जोडी आणतात. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांना नियमशास्त्राने दिलेली ती सवलत. घरची ऐपत एका ओळीत कळते.

राखेचा बुधवार ते पवित्र आठवडा

२०२७ मध्ये २ फेब्रुवारीनंतर आठच दिवसांत राखेचा बुधवार आहे, त्यामुळे उपवासकाळाची तयारी जानेवारीतच ठरवा. ४६ दिवसांतले ६ रविवार वगळले की ४० उरतात. रविवार उपवासात धरत नाहीत.

राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात आणि कपाळावर चर्चमध्येच लावून घेतात. कुणी घरी करणार असेल तर राख पाण्यात कालवू नये. राखेचं पाणी क्षारासारखं तीव्र असतं, कपाळाची कातडी भाजते. कोरडी लावा, किंवा तेलाचा एखादा थेंब.

कॅथलिक नियम असा: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या लोकांनी एकदाच पोटभर जेवायचं, आणि दोनदा थोडंसं खाता येतं, ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना सूट आहे. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, धाडस करू नका. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी हे ज्याच्या त्याच्यावर सोपवलेलं असतं.

त्या दिवशीचा पाठ मत्तय ६ आहे आणि त्यात दान, प्रार्थना, उपवास असे तीन भाग आहेत. तिन्हींतून एकेक छोटी गोष्ट निवडा: एक सोडायची, एक करायची, एक द्यायची. मोबाइल पूर्ण सोडणं, रोज तासभर प्रार्थना, असले संकल्प दुसऱ्या आठवड्यात मोडतात. मोडले की माणूस वहीच बंद करतो, कारण कोरं पान डोळ्यासमोर येतं. त्यावर उपाय एकच: मोडलं त्या रात्री ‘आज मोडलं’ एवढे दोन शब्द लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालायचं. उपवासकाळाच्या ७० पानांवर रोज एकच ओळ हवी.

पवित्र आठवड्यात वेळ मोकळा ठेवा. गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी आणि प्रभुभोजन. शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही, दुःखसहनाचं वाचन आणि क्रूसाची आराधना होते. योहान १८ आणि १९ घरी मोठ्याने वाचायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. दुपारी तीनच्या सुमाराला वाचा. बसल्या बैठकीत पूर्ण वाचा. तुकडे केले तर रोमन सुभेदार पिलात याच्यासमोरची चौकशी किती लांबते ते जाणवत नाही.

शनिवार लोक तयारीत घालवतात. त्या दिवशी उजव्या पानावर फक्त तारीख घाला. लूक सांगतो की त्या दिवशी स्त्रियांनी विश्रांती घेतली, बाकी काही घडत नाही. कोरं पान हीच त्या दिवसाची नोंद. अंधार पडल्यावर ईस्टरची जागरण-उपासना असते: बाहेर अग्नी, मोठी मेणबत्ती, तिच्यावर कोरलेला त्या वर्षाचा सन, मग लांबलचक वाचनं. दोन-तीन तास धरा. लहान मुलं असतील तर सकाळची उपासना बरी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एवढंच: मागच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा, म्हणजे कधी उठायचं कधी बसायचं ते पुढच्यांकडे बघून कळतं. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला कोण जाऊ शकतं याचे नियम चर्चागणिक वेगळे आहेत. कॅथलिक चर्चमध्ये कॅथलिक नसलेल्यांनी जागेवरच बसावं. कोणी वाईट मानत नाही. विचारायचंच असेल तर उपासनेच्या आधी विचारा.

ईस्टरनंतरचे पन्नास दिवस, आणि मग सहा हिरवे महिने

चाळीस दिवस उपवास नेटाने करणारे लोक पन्नास दिवसांचा आनंद मात्र एका रविवारात उरकतात. पेन्टेकॉस्टपर्यंत आठवड्याला एक नोंद ठेवा आणि उपवासात जी गोष्ट ‘करायची’ म्हणून धरली होती ती चालू ठेवा. मार्क १६:८ एकदा वेगळं वाचा. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान तिथेच संपतं, स्त्रिया घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. ईस्टरला आनंद होत नसेल तर हे पान तुमच्यासाठी आहे. पेन्टेकॉस्टला प्रेषितांची कृत्ये २.

त्यानंतर नोव्हेंबरअखेरपर्यंत साधारण काळ. वह्या मरतात त्या इथे. जून ते ऑक्टोबर रविवारमागे एकच शब्द लिहिला तरी चालेल, शुभवर्तमानातला तुम्हाला अडलेला शब्द. मार्कच्या वर्षात जुलैच्या अखेरीपासून पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो, भाकरीबद्दलचा. तिसऱ्या रविवारी कंटाळा येतो, तो लिहा. त्या अध्यायाच्या शेवटी पुष्कळ शिष्यही सोडून जातात. २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांची नावं लिहा, वर्णन नको. नावंच पुरतात.

शेवटचा रविवार २१ नोव्हेंबर २०२७, ख्रिस्तराजाचा. हा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला. राजाचा सण म्हणून थाटाचा पाठ असेल असं वाटतं. येतो तो योहान १८:३३–३७, पिलात बांधलेल्या माणसाला विचारतोय, तू राजा आहेस काय? हाच मजकूर तुम्ही गुड फ्रायडेला वाचलेला आहे. नवं पान उघडू नका. मार्चमधलं ते पान काढा, खाली सोडलेल्या दोन कोऱ्या ओळी तिथे असतील, त्यांत लिहा.

पुढच्या वहीच्या पहिल्या पानासाठी तारखा: आगमनकाळ २८ नोव्हेंबर २०२७, राखेचा बुधवार १ मार्च २०२८, ईस्टर १६ एप्रिल. वर्ष लूकचं. २५ मार्च या वेळी शनिवारी, मोकळा आहे. तरी पेन्सिलीनेच लिहा.